दोन झाडं गांजाची, दहा वर्षं तुरुंगाची!



गेल्या खरिपात बोंडअळीच्या पाहणीला एका गावी गेलो होतो. कपाशीतल्या तुरीच्या तासाला सात-आठ झाडं वेगळीच दिसली. "आबा, हे काय लावलंय?" "अंबाडी असंल साहेब, सालगड्यानं टाकलीय." शेंडा चोळला तर हाताला चिकट, उग्र वास. तो गांजा होता. आबा म्हणाले, "चार झाडांनी काय होतंय?" पुष्कळांचा हाच समज आहे, म्हणून आज पिकाऐवजी कायद्याबद्दल लिहितो.

कायदा काय म्हणतो?

अंमली पदार्थांचा कायदा (एनडीपीएस) १९८५ चा. त्याच्या कलम २० नुसार गांजाच्या झाडाची बेकायदा लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लागवडीच्या या तरतुदीत झाडं किती, वजन किती, असा हिशोब नाही.

वजनाचा हिशोब लागतो तो गांजा जवळ बाळगणं, विकणं आणि वाहतुकीला. एक किलोपर्यंत एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून जास्त, पण वीस किलोच्या आत, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर गेलं की किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाख दंड. अशा गुन्ह्यात जामीनही सहजी मिळत नाही.

खसखशीचंही तसंच. बी बाजारात मिळतं म्हणून पेरू नका. ते अफूचं झाड आहे, परवान्याशिवाय लावता येत नाही. २०१२ साली बीड जिल्ह्यात अशा पिकावर कारवाई झाली होती.

अंबाडी की गांजा?

अंबाडीच्या पानाच्या बोटांसारख्या पाकळ्या बुडाशी जोडलेल्या असतात, चव आंबट, फूल मोठं, फिकट पिवळं, मधे गडद. गांजाच्या पानाची पातळ, करवती कडांची पानं देठाशी सुटी असतात. फुलं बारीक, हिरवट, चिकट आणि उग्र वासाची. शंका आली तर कृषी सहायकाला दाखवा.

जमीन बटईनं दिली असेल तर?

"मी लावलं नाही" एवढ्यावर भागत नाही. जाणूनबुजून आपली जमीन अशा कामाला वापरू दिली, तर कलम २५ प्रमाणे मालकालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. कलम ४६ प्रमाणे आपल्या रानात असं झाड असल्याचं कळताच पोलिसांना ताबडतोब कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे. म्हणून बटईच्या रानातही महिन्यातून एक फेरी मारा, तुरीची तासं आणि उसाचा मधला भाग विसरू नका.

गावच्या कारभाऱ्यांनो

सरपंच, पंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही कृषी खात्याचे लोकसुद्धा कलम ४७ मध्ये येतो. माहिती असून कळवलं नाही, तर आपणच शिक्षेस पात्र. "भाऊबंदकीत कशाला पडा" ही सबब तिथं चालत नाही.

आबा रात्रभर झोपले नाहीत. गडी पोरासारखा वाढवलेला. पण सकाळी ते स्वतः पोलीस पाटलाकडे गेले. झाडं उपटून घरी आणली नाहीत की बांधावर जाळली नाहीत. रानातच पंचनामा झाला. आज आबांचं नाव त्या कागदावर आरोपी म्हणून नाही, खबर देणारा म्हणून आहे.

तेव्हा बंधूंनो, उद्या रानात गेलात की एकदा तासातासानं हिंडून या.