भाच्याची कयाक आणि बहिणीची काळजी

वाचकहो, आपल्या बेटावरील मराठी घरांत समुद्राविषयी दोन मते नेहमीच नांदत आली आहेत. मुले म्हणतात, समुद्र दारात आहे, मग जायला काय हरकत आहे? वडीलधारी म्हणतात, दारात आहे म्हणूनच जपून राहा. कोकणातून जहाजात बसून आलेल्या पूर्वजांच्या घरात समुद्राची भीती आणि ओढ दोन्ही असणारच. हाच वाद गेल्या वर्षी मे महिन्यात आम्हाला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरी, बहिणीच्या घरी ऐकायला मिळाला.

आमचा भाचा सुट्टीच्या दिवशी पहाटे उठतो, गाडीच्या टपावर कयाक बांधतो आणि समुद्रात गरवायला जातो. एकटा माणूस, हातात वल्हे आणि पाठीमागे उभे केलेले दोन रॉड! बहीण आम्हाला म्हणाली, "दादा, तो माझे ऐकत नाही. तुझे ऐकेल. तूच त्याला सांग." आम्ही कबूल केले. भाचा मात्र हसून म्हणाला, "मामा, आधी माझ्याबरोबर या, मग काय ते सांगा."

कयाक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ही नवी चैनीची वस्तू आहे असा आमचा समज होता, तो खोटा ठरला. आज अमेरिकेत असलेल्या अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर उनंगन लोक शेकडो वर्षांपासून अशाच होड्यांतून कॉड आणि हॅलिबट हे मासे धरत आले. त्या बेटांवर झाडे नाहीत. तेव्हा वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर समुद्रसिंहाचे कातडे शिवायचे. अठराव्या शतकात रशियन व्यापारी आले आणि त्यांनी या कुशल नावाड्यांना कातड्यांच्या व्यापारासाठी सक्तीने समुद्री ऊदमांजरांच्या शिकारीला जुंपले. १८६७ साली रशियाने अलास्का अमेरिकेला विकले. आपले कसब दुसऱ्याच्या फायद्यासाठी राबवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

आजची गरवण्याची कयाक मात्र कॅलिफोर्नियाची. १९७१ साली मालिबू येथे टिम नीमायर या तरुणाने वर बसून चालवायची कयाक तयार केली. तिच्या पोटात शिरावे लागत नाही. ती बंद डब्यासारखी पोकळ असते आणि वर आलेले पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जाते. पुढे प्लॅस्टिकच्या अशा होड्या पुष्कळ निघाल्या. १९९७ साली होबी या कंपनीने पायाने चालवायची यंत्रणा काढली. त्यामुळे हात रॉडसाठी मोकळे राहू लागले.

भाचा आम्हाला ला होया येथील किनाऱ्यावर घेऊन गेला. तेथे किनाऱ्याजवळच समुद्रतळाला खोल दरी आहे आणि दक्षिणेकडे केल्प नावाच्या उंच समुद्री वनस्पतीचे रान आहे. म्हणून मोठे मासे किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात. सर्वत्र गळ टाकता येत नाही, हेही तेथेच कळले. २०१२ सालापासून त्या भागात मॅटलाहुयाल नावाचे राखीव क्षेत्र आहे. तेथे मासेमारीला पूर्ण बंदी आहे. रॉड आत ठेवून ते ओलांडायचे, मगच गळ टाकायचा. शिवाय सोळा वर्षांवरील प्रत्येकाला परवाना हवा.

पहिल्या दिवशी त्याने आम्हाला मासा दाखवलाच नाही. कमरेभर पाण्यात नेऊन म्हणाला, "मामा, आता होडी उलटी करा आणि परत चढून दाखवा." आम्हाला तो पोरखेळ वाटला. पण पाण्यात पडताच छाती आवळली आणि श्वास लागेना. पाणी सतरा-अठरा अंशांच्या आसपास होते. आपल्या लगूनची सवय असलेल्या माणसाला ते बर्फच! रीत अशी, की प्रथम हात पलीकडे घालून होडी सरळ करायची, मग पाय मारत पोटावर आडवे चढायचे, मग वळून बसायचे आणि शेवटी पाय आत घ्यायचे. घाईने उभे चढू गेलो, तर ती पुन्हा अंगावर उलटे. आमचे तीन प्रयत्न फसले, चौथा साधला.

"हे येत नसेल, तर रॉड घेऊच नये," एवढेच भाचा बोलला.

त्याचे म्हणणे आकड्यांनीही पटते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या अहवालाप्रमाणे २०२३ साली तेथे हौशी नौकाविहारात ५६४ माणसे दगावली. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले, त्यांतील शंभरातले पंचाहत्तर बुडून गेले आणि बुडालेल्यांपैकी शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांच्या अंगात जाकीट नव्हते. जाकीट बाळगण्याचा कायदा आहेच, पण होडीत ठेवलेले जाकीट पाण्यात पडलेल्याच्या काय कामाचे?

तिसऱ्या दिवशी आम्ही खरोखर निघालो. लाटांच्या रांगा येतात, मध्ये थोडी उसंत पडते. ती पाहून होडीचे नाक लाटेसमोर सरळ धरायचे आणि जोरात वल्हवायचे. तोवर रॉड आत बंद, बाकी प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली. बाहेर गेल्यावर बारीक गळांची माळ सोडून आधी लहान बांगडे धरले आणि पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवले. मग एकेक बांगडा गळाला लावून केल्पच्या कडेने सावकाश ओढत न्यायचा. वल्ह्याची संथ गती या कामाला अगदी योग्य, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने मासे बुजत नाहीत.

तेथे यलोटेल नावाचा ताकदवान मासा मिळतो. व्हाइट सीबास हा आपल्या कोकणातील घोळीच्या कुळातला. तो अठ्ठावीस इंचांपेक्षा लहान असल्यास सोडावा लागतो आणि १५ मार्च ते १५ जूनपर्यंत माणशी एकच ठेवता येतो. हॅलिबट हा लेपेसारखा चपटा, तो बावीस इंच तरी हवा. मोजपट्टी होडीवरच चिकटवलेली असते.

भाच्याच्या रॉडला यलोटेल लागला, तेव्हा तो मासा कयाकलाच ओढत घेऊन चालला! भाचा दोरी सैल सोडी, पुन्हा गुंडाळी. पंधरा मिनिटांनी मासा हाती आला. आम्ही म्हटले, "आता आणखी एक!" तेवढ्यात पश्चिमेकडे पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले. भाच्याने दोन्ही गळ वर घेतले. टाकीतले उरलेले बांगडे समुद्रात सोडले आणि म्हणाला, "मामा, परत." मासे लागत असताना परतणारा माणूस आम्ही प्रथमच पाहिला. किनारी पोहोचलो, तोवर लाटा सकाळच्या दुप्पट झाल्या होत्या.

संध्याकाळी बहिणीने विचारले, "सांगितलेस का त्याला?" आम्ही म्हणालो, "सांगितले नाही, शिकून आलो. त्याला थांबवू नकोस, पण एक मागून घे." त्याप्रमाणे आता तो दर वेळी फ्रिजवर कागद लावून जातो: कोठून उतरणार, कोठवर जाणार, किती वाजता परतणार. वेळ टळली, तर कोणाला फोन करायचा तेही लिहिलेले असते. बहिणीची काळजी संपली नाही. आईची काळजी संपत नसते. पण आता तिला घड्याळाचा आधार आहे.

आपल्याकडेही मुले कयाक घेऊन निघू लागली, तर घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या बेटावर वारा बहुतेक आग्नेयेकडून वाहतो. म्हणजे रिव्हिएर न्वार, फ्लिक-आं-फ्लाक या पश्चिम किनाऱ्यांवर तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. किनाऱ्यापाशी पाणी शांत दिसते, जाताना वल्हे हलके वाटते आणि परतताना तोच वारा छातीवर येतो. प्रवाळभिंतीच्या खिंडीतून बाहेर जाणारा प्रवाह त्यात मिळाला, तर थकलेला माणूस उघड्या समुद्रात जातो. तेव्हा प्रथम लगूनमध्येच सराव करावा. जाकीट अंगात, शिटी गळ्यात, फोन जलरोधक पिशवीत, आणि शक्यतो दोघांनी मिळून जावे. नियम आणि हवामान तटरक्षकांकडे विचारूनच निघावे.

मुलांना समुद्रापासून दूर ठेवणे आपल्याच्याने होणार नाही, आणि ते योग्यही नाही. मात्र रॉड विकत घेऊन देण्यापूर्वी त्यांना कमरेभर पाण्यात न्यावे आणि होडी उलटी करायला सांगावे. परत चढता आले, तर आशीर्वाद द्यावा. आणि वाचकहो, एकदा आपणही चढून पाहावे. आम्हाला चार प्रयत्न लागले, आपल्याला कदाचित तीनच पुरतील.