सुट्या भागाचा सातबारा

२६ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने १५५ मिलिमीटरच्या ३०७ स्वदेशी तोफा आणि त्या ओढणारी ३२७ वाहने घेण्याचे करार केले. किंमत सुमारे ६,९०० कोटी रुपये. ही तोफ पुण्यात पाषाणला असलेल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या 'एआरडीई' प्रयोगशाळेने उद्योगांच्या साथीने विकसित केली. ती बनवणाऱ्या दोन कंपन्या म्हणजे भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स. बातमीत एवढीच नावे येतात. पण नळी, चाके, द्रवदाबाची यंत्रणा, झडपा, कंस, बोल्ट असे सगळे एका छपराखाली तयार होत नाही. मोठी कंपनी जुळणी करते आणि शेवटची जबाबदारी घेते. तिला मोठे संच पुरवणारे वेगळे, त्यांना सुटे भाग देणारे वेगळे, आणि त्यांच्याही मागे कच्चे ओतकाम करणारे असतात. कोल्हापूरच्या छोट्या कारखानदाराची जागा याच साखळीत, बहुधा तिसऱ्या-चौथ्या कडीवर आहे.

ही जागा घेण्याची ताकद या शहरात आहे. उसाचे चरक आणि पाणी उपसणारी तेलइंजिने यांच्या जोरावर शिवाजी उद्यमनगर वाढले. शेजारच्या सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली होतीच. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथे औद्योगिक वसाहती झाल्या. आज या पट्ट्यात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. त्यांचे बहुतेक काम मोटारी, ट्रॅक्टर आणि पंप यांचे. बीड ओतणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत. मग संरक्षणाच्या कामात अडते कुठे?

अडते पुराव्यात. मोटारीचा भाग मापात बसला, ताकदीला उतरला की स्वीकारला जातो. रणगाड्याच्या किंवा विमानाच्या भागाला आपला सगळा इतिहास सांगावा लागतो. शेतजमिनीचा जसा सातबारा, तसा त्या तुकड्याचा उतारा हवा: धातू कोणत्या भट्टीतला, कोणत्या दिवशी ओतला, त्यात कार्बन आणि सिलिकॉन किती, कोणी तपासला, कोणत्या यंत्रावर कापला.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते विलक्षण आहे. एसजी आयर्न म्हणजे लवचीक बीड. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळले की त्यातला ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात गोठतो आणि एरवी ठिसूळ असणारे बीड ताण सोसू लागते. पण मॅग्नेशियमचा परिणाम काही मिनिटांतच ओसरायला लागतो. साचे भरायला उशीर झाला तर पहिला आणि शेवटचा नग बाहेरून सारखेच दिसतात, पण आतून ते वेगळे धातू असतात. म्हणून नोंदीत नुसती तारीख लिहून भागत नाही, मॅग्नेशियम कधी मिसळले आणि शेवटचा साचा कधी भरला त्या वेळाही लागतात. धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगीखाली धरला जातो आणि त्या ठिणगीच्या प्रकाशातून प्रत्येक मूलद्रव्याचे प्रमाण कळते. त्याच धातूची चाचणीपट्टी ओतून ती तुटेपर्यंत ताणतात. या सगळ्या नोंदींना जोडणारा हीट नंबर नगावर उठवलेला असतो. वर्षांनंतर एखादा भाग तडकला, तर त्याच भट्टीतले बाकीचे नग कुठे बसवले आहेत ते शोधून काढता येते. सैनिकाचा जीव त्या शोधावर अवलंबून असू शकतो, म्हणून ही कागदपत्रे मला कटकट वाटत नाहीत.

हवाई आणि संरक्षण क्षेत्रासाठी आयएसओ ९००१ च्या वर एएस ९१०० ही गुणवत्ता प्रणाली आहे. तिच्याबरोबर पहिल्या नगाची संपूर्ण तपासणी येते. आराखड्यावरच्या प्रत्येक मापाला क्रमांक देऊन प्रत्यक्ष मोजलेला आकडा समोर लिहायचा. काम दुसऱ्या शेडमध्ये हलवले किंवा उत्पादन दोन वर्षे थांबले, तरी ही तपासणी पुन्हा करावी लागते. उष्णताप्रक्रिया, मुलामा, वेल्डिंग अशा कामांचा दोष नंतर मोजून सापडत नाही, म्हणून त्यांना नॅडकॅपसारखी वेगळी मान्यता लागते. छोट्या कारखान्याला ती एकट्याने परवडणे कठीण.

यावर एक उत्तर कोल्हापूरहून बेळगावकडे जाताना महामार्गालगत हत्तरगीला दिसते. तिथे एक्वस कंपनीचे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. एअरबस आणि बोइंगसाठी तिथे सुटे भाग बनतात. फोर्जिंग, मशीनिंग आणि पृष्ठप्रक्रिया एकाच आवारात असल्यामुळे मान्यताप्राप्त मुलाम्यासाठी नग दूरदेशी पाठवावा लागत नाही. कोल्हापूरच्या कारखानदारांनी मिळून अशी सामाईक प्रक्रिया केंद्रे आणि चाचणीशाळा उभारल्या, तर प्रत्येकाने वेगळे कर्ज काढण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचे होईल.

सरकारी दारे अवघड नाहीत, फक्त ती माहीत हवीत. आधी उद्यम नोंदणी. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी २५ टक्के खरेदी करावी असे धोरण आहे, आणि निविदेच्या अनामत रकमेतून त्यांना सूटही मिळते. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या 'सृजन' पोर्टलवर आजवर परदेशातून येणाऱ्या वस्तूंची यादी असते आणि आपण बनवू शकतो अशी वस्तू तिथे शोधता येते. नवे तंत्र विकसित करणाऱ्यांसाठी २०१८ पासून 'आयडेक्स'चे अनुदान आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुधनिर्माणींच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात, तर यंत्र इंडियाचे नागपुरात आहे, म्हणजे खरेदी करणारी कार्यालये दूर नाहीत.

खरी कसोटी खेळत्या भांडवलाची. नमुना, चाचणी, दुरुस्ती, पुन्हा नमुना यात महिने जातात आणि तोवर पैसा आत येत नाही. माल स्वीकारल्यावर मात्र कायदा पाठीशी आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मोठ्या गिऱ्हाइकाकडे हा हक्क मागायला अनेक जण कचरतात. ऑर्डर घेतानाच मुदत लेखी ठरवली, तर पुढचा संकोच टळतो.

सुरुवात तोफेच्या नळीपासून करायची गरज नाही. सैन्याला पंप लागतात, जनरेटर लागतात, वाहनांचे कंस आणि आवरणे लागतात. यातले बरेचसे कोल्हापूर आजही ओतते. अशा साध्या भागांच्या पुरवठ्याची काही वर्षांची स्वच्छ नोंद जमली की मोठ्या कंपनीचे लेखापरीक्षक कारखाना पाहायला येतात. नव्या यंत्रांइतकेच त्यांचे लक्ष मायक्रोमीटर आणि गेज यांच्या कॅलिब्रेशनच्या दाखल्यांकडे असते, आणि नाकारलेले नग चांगल्या मालात मिसळू नयेत म्हणून कुठे कुलपात ठेवले आहेत, हेही ते विचारतात.