ठराव कागदावर, पाणी तळ्यात

श्रावणात बालाघाटाच्या दरीत कपिलधारचा धबधबा कोसळू लागला, की बीडकडची माणसं तिकडे वळतात. मन्मथस्वामींच्या समाधीवर डोकं टेकवायचं, 'परमरहस्य'चं पारायण चालू असेल तर घटकाभर बसायचं आणि मग धारेकडे जायचं. कुणी ओंजळ धरतं, कुणी तीर्थ म्हणून बाटली भरून घेतं. डोंगरावरून पडणारं पाणी, त्यावर कुणाची सही ना शिक्का. गर्दीतली ती ओंजळ पाहिली की मला हटकून महाड आठवतं. तिथलं पाणी नगरपालिकेचं होतं आणि ते पिण्यासाठी आधी ठराव व्हावा लागला.

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याबद्दल वाचताना महापौर बहुधा समोरच्या बाजूला भेटतात. माँटगोमेरीचे महापौर गेल यांचंच बघा. १९५६ साली बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या खटल्याला त्यांचं नाव आहे, पण प्रतिवादी म्हणून. पुढे काळ्यांना बागांत येऊ द्यावं लागेल म्हणून त्या शहरानं १९५९च्या सुरुवातीला सगळ्या बागाच बंद करून टाकल्या. आमच्याकडे, त्याच महाडात, एक नगराध्यक्ष असा होऊन गेला, की त्यानं कुलूप काढायचं ठरवलं, आणि तेही माँटगोमेरीच्या तीस वर्षं आधी.

सुरेंद्रनाथ टिपणीस. महाडकरांचे सुरबानाना, जातीनं चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. या गोष्टीची सुरुवात मात्र मुंबईत होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी वा सार्वजनिक पैशानं चालणारी पाणवठ्याची ठिकाणं, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं त्याला धरून चवदार तळं खुलं केलं. (बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा ठराव इकडे लागूच नव्हता.)

आणि मग तीन वर्षं काहीच झालं नाही. ठराव दप्तरात, पाणी तळ्यात. अध्यक्षाच्या सहीनं तळं खुलं झालं तरी घागर घेऊन पायऱ्या उतरणाऱ्याच्या पाठीवर काठी पडणार नाही, याची हमी ती सही देत नव्हती. सुरबानानांचं मोठेपण मला त्या कागदात दिसत नाही. आपला ठराव अपुरा आहे हे ओळखून त्यांनी महाडात होणाऱ्या अस्पृश्यांच्या परिषदेला हात दिला, त्यात दिसतं.

१९ आणि २० मार्च १९२७ ही परिषद झाली. रामचंद्र मोरे यांची धडपड तिच्यामागे होती. हजारो माणसं आली आणि त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. पालिकेनं खुलं केलेलं तळं गावात भरलेलं असताना! दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे आभार मानायला उठले आणि बोलता बोलता म्हणाले, की आता सगळ्यांनी तळ्यावर जाऊ या. आभारप्रदर्शनात मंडळी एरवी चपला शोधत असतात. इथं चार-चारच्या रांगा लागल्या. डॉ. आंबेडकर पुढे झाले, ओंजळभर पाणी प्यायले, पाठोपाठ बाकीचे.

थोड्याच वेळात वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. तळं 'बाटलं' म्हणून १०८ घागरी पाणी काढून पंचगव्यानं शुद्ध केलं गेलं.

पुढचा भाग आमच्या शाळांत फारसा सांगत नाहीत. त्याच नगरपालिकेनं १९२४चा तो ठराव रद्द केला. तारीख होती ४ ऑगस्ट १९२७, म्हणजे बोले यांच्या ठरावाला चार वर्षं पुरी झाली तो नेमका दिवस. मुद्दाम निवडला की योगायोग, देव जाणे. नगराध्यक्ष गावाचा असतो, पण गाव त्याचं असेलच असं नाही.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा विरोधक दिवाणी कोर्टात गेले. तळं खासगी, वहिवाट जुनी, असं त्यांचं म्हणणं. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. परिषदेला जागा कुणी देईना, ती अखेर फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबरला तिथं मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर जाणं मात्र कोर्टाचा मान राखून पुढे ढकललं.

दावा रेंगाळला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि आहे हे वादींना सिद्ध करता येईना, आणि तळं तर पालिकेच्या ताब्यातलं.

१९३७च्या निवडणुकीत टिपणीस आणि चित्रे हे दोघेही बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले. चवदार तळ्याचा निकाल हायकोर्टानं अस्पृश्यांच्या बाजूनं दिला, तोही त्याच वर्षी, १७ मार्चला. ओंजळ भरून तोवर दहा वर्षं होत आली होती, तीन दिवस कमी.