आचार्यांचा र, आचाऱ्यांचा ऱ

आचार्यांना मानपत्र द्यायचे आणि आचाऱ्यांना बिदागी. उलटे झाले की पंचाईत! हा फरक 'ऱ्य' मधल्या अर्ध्या र च्या एका छोट्या आडव्या वळणावर उभा आहे. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे दिल्लीत ठरलेल्या प्रमाणातून ते निसटले असते तरी नवल नव्हते. पण निसटले नाही. दिल्लीतल्या भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाण केली, क्रमांक आयएस १३१९४. तिच्यात खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडला की हे वळण मिळते.

घोळ युनिकोडमध्ये झाला. त्याने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली खरी, पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे वळण साध्या र पासून काढायची रीत होती: र, हलन्त आणि मागोमाग एक न दिसणारे जोडचिन्ह. पुढे युनिकोड इस्कीच्या वाटेवर आले. तोवर जुन्या रीतीचा मजकूर लोकांच्या फायलींत जाऊन बसला होता. तो मोडू नये म्हणून दोन्ही रीती ठेवल्या.

हे जुने सांभाळायचे काम मुक्तस्रोत लायब्रऱ्यांच्या गळ्यात पडते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस यांत जोडाक्षरे घडवते ती 'हार्फबझ'. तिच्यापुढे फॉन्टांचेही दोन जमाने आहेत. विंडोज व्हिस्टाच्या वेळी देवनागरी फॉन्टांतल्या 'देव' या खुणेच्या जागी 'देव२' आली आणि हलन्त कुठे धरायचा हा नियमही बदलला. हार्फबझ आधी खूण पाहते. फॉन्ट जुना निघाला, तर हलन्त उचलून त्याला हव्या त्या जागी नेऊन ठेवते. असल्या कामाचे कौतुक कोणी करत नाही, पण जुनी फाईल आजही वाचता येते ती त्यामुळेच. 'आयसीयू' या लायब्ररीत तर इस्कीचा मजकूर युनिकोडमध्ये आणायची सोय अजून आहे.

मात्र जुने वाचणे वेगळे आणि जुन्या रीतीने लिहीत राहणे वेगळे. 'दऱ्या' आणि 'दर्‍या' पडद्यावर जुळे भाऊ दिसतात, पण संकेत निराळे. युनिकोडचे सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. एक शोधा, दुसरा हाती लागत नाही. त्यात मजकूर साफ करताना एखाद्या प्रोग्रामने न दिसणारी चिन्हे गाळली, की सह्याद्रीच्या दऱ्यांचा थेट दर्या होतो. जुन्या फायलींना हात लावू नका, पण नवा कीबोर्ड किंवा फॉन्ट तयार करत असाल तर टिंबवाला ऱ च द्या.