मुल्की, परप्रांतीय आणि नोकरी

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या नोकरदारांना नवा नाही. निजामाच्या १९१९च्या फर्मानानुसार हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरी हवी, तर उमेदवार ‘मुल्की’ असावा लागे. ढोबळमानाने, जन्माने संस्थानातला किंवा १५ वर्षे तिथे राहिलेला. हे शहर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, त्याच संस्थानात होते.

राज्यघटनेच्या कलम १६(२)ने जन्मस्थान किंवा वास्तव्य यावरून सरकारी नोकरीत डावलायला मनाई केली. वास्तव्याची अट घालायचीच, तर तसा कायदा फक्त संसद करू शकते. मेख अशी, की हे संरक्षण सरकारी नोकरीपुरतेच. शहरालगतच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या एखाद्या खासगी कारखान्याने परप्रांतीय म्हणून कुणाला गेटवरूनच परत पाठवले, तर या कलमाचा थेट आधार मिळत नाही.

वाट अगदीच बंद आहे, असेही नाही. मुंबईच्या सिनेसृष्टीतल्या मेकअप आर्टिस्टांच्या संघटनेने सदस्यत्वासाठी महाराष्ट्रात ५ वर्षे वास्तव्याची अट घातली होती. महिलांना तर मेकअपचे कार्डच मिळत नसे. त्यांनी केशभूषा करावी, एवढेच! मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या खटल्यात नोव्हेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी मोडीत काढल्या.

हरियाणाने तर कायदा करून खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी ७५ टक्के जागा राखल्या. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात असा कायदा नाही. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत, असे शासनाचे धोरण मात्र आहे.