सरकारी कारखान्यांतील खाडे आणि आजारपणाचे वेतन

गैरहजेरीचे प्रमाण काढण्याची रीत सोपी आहे. कामगारांनी जितक्या पाळ्या भरावयाच्या असतात, त्यांपैकी किती बुडाल्या हे शेकडेवारीने सांगावयाचे. परंतु त्यांतून आजारपणाच्या पाळ्या निवडून काढणे सोपे नाही. हजेरीपटावर आजारपण म्हणून जे नोंदले जाते ते रोगाचे माप नसून दाखल्याचे माप असते. आणि कामगार दाखला केव्हा आणतो, हे त्या दिवसाचे वेतन मिळणार की नाही यावर पुष्कळसे अवलंबून असते.

1948 च्या कारखाने कायद्याने, वर्षात 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा देऊ केली. ही विश्रांतीची रजा होय. आजारपणात ती खर्ची घालण्याची मुभा होती, इतकेच. खरी तरतूद केली ती त्याच वर्षीच्या राज्य कामगार विमा कायद्याने. या योजनेचा पाया बी. पी. आदारकर यांच्या 1944 च्या अहवालात घातला गेला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रारंभ झाला.

हा कायदा हंगामी कारखाने वगळून सर्व कारखान्यांसाठी होता, आणि त्यांत सरकारी कारखानेही आले. मात्र त्यास एक परंतुक होते: ज्या सरकारी कारखान्यांतील नोकरांना अन्य मार्गाने साधारणपणे तितकेच किंवा अधिक चांगले लाभ मिळतात, त्यांना कायदा लागू नाही. ‘तितकेच’ हे कोणत्या नोकराच्या बाबतीत पाहावयाचे? केंद्र सरकारच्या 1972 च्या रजा नियमांनुसार वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा मिळे. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण वेतन घेता येई, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होत. मात्र औद्योगिक आस्थापनांतील कामगार या नियमांतून स्पष्ट शब्दांत वगळलेले होते. म्हणजे एकाच आवारात कचेरीतील लेखनिक एका नियमाखाली, तर लेथवरील कामगार दुसऱ्याच आदेशांखाली. तुलना करावयाची तर ती लेथवरील माणसाच्या आदेशांशी केली पाहिजे. लेखनिकाच्या सवलती पुढे करणे गैर होय.

शिवाय रजा आणि विमा यांची जातच वेगळी. रजेचे खाते हे बचतीसारखे असते. दहा वर्षे निरोगी राहिलेल्या नोकराच्या खात्यावर 200 अर्धवेतनी दिवस साठतात. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी क्षयाने अंथरूण धरणाऱ्याजवळ मात्र 20, म्हणजे पूर्ण वेतनाचे अवघे दहा. अनर्जित रजा मिळाली तरी ती उसनवारीच. पुढे रुजू झाल्यावर ती फेडावी लागे. विम्यात ही अडचण नव्हती. सहा महिन्यांच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली की वर्षात 91 दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ मिळे. त्याचा दर प्रारंभी वेतनाच्या सुमारे निम्मा होता, तो पुढे शेकडा 70 झाला. क्षयासारख्या दीर्घ आजारांना अधिक मुदत व शेकडा 80 असा दर होता.

विम्यातही एक खोच होती. आजाराचे पहिले दोन दिवस बिनलाभाचे धरले जात. खोट्या आजारास आळा घालणे हा त्यामागील हेतू. पण दोन दिवसांच्या तापाचे वेतन बुडालेच आहे, तर तिसऱ्या दिवशी, लाभ सुरू होत असताना, रुजू होण्याची घाई कामगाराने का करावी? उलट ज्याला दोन दिवसांचे नुकसान सोसवत नाही, तो ताप अंगावर काढून यंत्राशी उभा राहतो, आणि त्याचे आजारपण कोणत्याही तक्त्यात येत नाही.