ठिबकच्या नळीतलं रसायनशास्त्र

रावेर-यावलच्या केळीबागांत ठिबकला आम्ल सोडणं हे ठरलेलं काम. विहिरीच्या पाण्यातला क्षार ड्रिपरच्या तोंडाशी धरतो, त्याचा पांढरट थर बसतो आणि नळीच्या शेवटच्या टोकाची झाडं तहानलेली राहू लागतात. खानदेशचा खडक बेसाल्टचा. तो झिजतो तसं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतं, आणि थर त्यांचाच. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ठिबकचं साहित्य जळगावातच बनू लागलं, त्यामुळे आम्लाचा उपाय इथे नव्याने सांगावा लागत नाही. घोडं अडतं ते मात्रेपाशी. माझ्या मते मात्रा कॅनवरच्या टक्केवारीतून निघत नाही. पाण्यात आधीपासून असलेल्या कार्बोनिक या सौम्य आम्लाचं विचरण किती झालंय, यावर ती ठरते.

बारावीचा विद्यार्थी विचरणाचं गणित करतो ते ऑस्टवाल्डच्या १८८८च्या विरलन नियमाने. ०.१ मोलर अ‍ॅसिटिक आम्लाचं विचरण १.३ टक्के. द्रावण शंभरपट पातळ केलं की सोपं सूत्र १३.४ टक्के सांगतं, पूर्ण वर्गसमीकरण १२.५. हे गणित चोख आहे, पण ते शुद्ध पाण्यातलं, जिथे सामू त्या आम्लानेच ठरतो. शिवारात उलटं घडतं. बाहेरून सोडलेलं तीव्र आम्ल सामू खाली ओढतं आणि कार्बोनिक आम्लाला त्याप्रमाणे वागावं लागतं. त्याचा विचरणांक ६.३५, सामूमधून हा आकडा वजा करून दहाचा तेवढा घात काढला, की बायकार्बोनेट आणि अविचरित आम्ल यांचं गुणोत्तर मिळतं. सामू ७.५ असताना सुमारे ९३ टक्के विचरण, ६.५ला ५९ टक्के, आणि ४ला अर्धा टक्कासुद्धा नाही.

आता समजा, पाण्यात लिटरला ३०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल बायकार्बोनेट आहे आणि सामू ७.५वरून ६.५वर आणायचा आहे. हजार लिटरला ३३ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १८० मिली लागतं. तेवढ्याच शुद्ध पाण्याचा सामू ७वरून ६.५ करायला अर्धा थेंब पुरतो! बाकी सगळं आम्ल बायकार्बोनेट गिळतं. धरलेला थर विरघळवण्यासाठी सामू ४पर्यंत उतरवायचा, तर जवळपास अर्धा लिटर. म्हणून दोन विहिरींचा सामू सारखा असला तरी मात्रा सारखी नसते, आणि पाणी तपासणीच्या अहवालात सामूच्या रकान्यापेक्षा बायकार्बोनेटचा रकाना आधी वाचावा.

कुणी म्हणेल, फॉस्फरिक आम्लात तीन हायड्रोजन, मग ते कमी लागेल. तसं होत नाही. त्याचेही विचरणांक २.१५, ७.२ आणि १२.३५ असे पसरलेले; ६.५ सामूला एका रेणूतून सरासरी १.१७ हायड्रोजनच सुटतात, ४ला तर जेमतेम एक. शिवाय मात्रा अपुरी पडून सामू चढाच राहिला तर कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो. फॉस्फरसचं खत मिळतं हे खरं, पण ड्रिपर मोकळे करण्याच्या हिशेबात तो फायदा धरू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गणित कशाला? बादलीभर पाण्यात मोजून आम्ल घालत जावं, सामूची पट्टी बुडवून रंग पाहावा. ही रीत चांगलीच आहे, कारण इथे पाणी स्वतःच हिशेब करून दाखवतं. पण बादली उघडी असते आणि नळी बंद. ढवळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कार्बोनिक आम्ल घटतं आणि सामू पुन्हा चढतो. माणूस आणखी आम्ल ओततो. दाबाखालच्या नळीत वायू अडकून राहतो, तिथे तीच मात्रा जास्त होते. ६.५चं लक्ष्य असेल तर हा फरक मोठा. ४पर्यंत जायचं असेल तर नगण्य, कारण तोवर जवळजवळ सगळ्या बायकार्बोनेटचा निकाल लागलेला असतो आणि बादलीचा आकडा नळीलाही चालतो.